आजोबांची फौजी रायफल: चालवायचीही आहे आणि जपायचीही

ठाण्याच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. आजोबांनी पन्नासच्या दशकात घेतलेली .३०-०६ बोअरची बोल्ट रायफल आता वारसाहक्काने त्यांच्या परवान्यावर चढली आहे. रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो तो मुख्य लोखंडी सांगाडा) 'यू. एस. मॉडेल ऑफ १९१७' आणि खाली 'एडीस्टोन' असं कोरलेलं आहे. दस्त्याला बोल्टच्या मागे बारीक चीर आहे, पुढच्या लाकडावर कुणीतरी मारलेला फिकट लाल पट्टा आहे आणि नळीवर तपकिरी डाग आहेत. वर्षातून दोनतीनदा रेंजवर नेऊन ती चालवावी अशी त्यांची इच्छा आहे. ओळखीचा पॉलिशवाला म्हणतो, लाकूड घासून मेलामाइन मारून देतो, नव्यासारखं होईल. एक मित्र म्हणतो, नळीला बफ मारून नवं ब्ल्यूइंग (लोखंडावरचा निळसर काळा थर) कर. दुसरा म्हणतो, शंभर वर्षांची वस्तू आहे, काचेच्या कपाटात ठेव आणि एकही गोळी झाडू नकोस. यातलं कुणाचं ऐकू?

तिघांचंही नाही. पण त्यामागचं कारण सांगायला हवं, कारण प्रश्न 'चालवू की जपू' असा मांडला की उत्तर चुकतंच. खरा प्रश्न असा आहे की या रायफलीवरच्या कुठल्या गोष्टी गेल्या तर परत आणता येतात आणि कुठल्या येत नाहीत. स्प्रिंग तुटली तर दुसरी बसते. रिकामं काडतूस बाहेर फेकणारा इजेक्टर मोडला तर नवा घडवता येतो. पण पॉलिशपेपरने उतरवलेलं लाकूड, बफच्या चाकाखाली पुसट झालेला शिक्का, कानशीने घासलेली माशी (नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा उंचवटा) हे कुणी परत आणून देत नाही. माझ्या टेबलावर आलेल्या जुन्या रायफलींपैकी गोळ्या झाडून खराब झालेल्या थोड्या. हौसेने साफ करून, चकचकीत करून वाया घालवलेल्या फार. चांगल्या स्थितीतल्या रायफलीतून वर्षाला पन्नास गोळ्या झाडल्याने तिचं काही बिघडत नाही. पॉलिशवाल्याकडची एक दुपार मात्र तिला पुरते.

काही गोष्टी रायफल हातात घेतल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. चीर वरवरची आहे की आरपार, नळीत खड्डे किती खोल आहेत, हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा) किती आहे, यावर बरंच अवलंबून आहे. फोटोवरून 'बिनधास्त चालवा' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. खाली जे लिहितो ते या तिन्ही गोष्टी ठीक निघतील असं धरून.

आधी ओळख पक्की करून घ्या. हिची एक जुळी बहीण आहे, पॅटर्न १४. ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धात .३०३ साठी तयार केलेलं ते डिझाइन अमेरिकेत तीन कारखान्यांत बनत होतं: विंचेस्टर, रेमिंग्टन आणि रेमिंग्टनच्याच हाताखालचा पेनसिल्व्हेनियातला एडीस्टोन. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा रायफली कमी पडल्या. मग चालू असलेल्या याच यंत्रांवर तेच डिझाइन .३०-०६ साठी फिरवून घेतलं आणि सुमारे २२ लाख रायफली काढल्या. दोघींची बाह्याकृती इतकी सारखी आहे की दुकानदारही फसतात. आपल्याकडे हा फरक नुसता कौतुकाचा नाही. .३०३ ही निषिद्ध बोअरमध्ये मोडते, .३०-०६ मोडत नाही. तुमच्या रिसीव्हरवरचं लेखन स्पष्ट आहे, तरीही परवान्यावरचा बोअर, नळीवरचे शिक्के आणि क्रमांक एकदा शांतपणे ताडून पाहा. जुन्या परवान्यांवर कारकुनाने काय लिहून ठेवलं असेल याचा नेम नाही.

आता तो लाल पट्टा. तो कुणा रंगाऱ्याचा उपद्व्याप आहे असं तुम्हाला वाटतंय, पण माझ्या मते ती तुमच्या रायफलीवरची सर्वांत मोलाची खूण आहे. १९४० मध्ये डंकर्कच्या माघारीनंतर ब्रिटनकडे शस्त्रांचा तुटवडा होता, तेव्हा अमेरिकेतून या रायफली तिकडे गेल्या आणि बऱ्याचशा तिथल्या होमगार्डच्या, म्हणजे स्वयंसेवक दलाच्या, हाती पडल्या. त्यांच्या बाकीच्या फौजेची गोळी .३०३ ची आणि हिची वेगळी. अंधारात, घाईत कुणी चुकीची काडतुसं कोंबू नयेत म्हणून पुढच्या लाकडाभोवती दोनेक इंचांचा लाल पट्टा मारलेला असे. युद्धानंतर बाजारात विकताना यांतल्या अनेक रायफलींना लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये, म्हणजे शस्त्रांच्या चाचणीगृहात, तपासून शिक्के मारले गेले. त्यात दाब टनांत लिहिलेला असतो. नळीच्या मुळाशी भिंग लावून बघा. तसे शिक्के सापडले तर तुमच्या रायफलीचा अमेरिका ते ब्रिटन हा प्रवास कागदाविना सिद्ध झाला. पॉलिशवाल्याने पहिल्या पाच मिनिटांत घालवली असती ती नेमकी हीच खूण.

'मूळ भाग' म्हणजे काय, हेही नीट समजून घ्या, नाहीतर जे मूळ नाही ते शोधण्यात पैसे घालवाल. या मॉडेलवर क्रमांक फक्त रिसीव्हरवर असतो, बोल्टवर नाही. त्यामुळे ली-एनफील्ड किंवा माउझर रायफलींचे शौकीन 'नंबर मॅचिंग' (सगळ्या भागांवर एकच क्रमांक) म्हणून ज्याचा आग्रह धरतात तो इथे लागू होत नाही. इथे भागाभागावर एक अक्षर असतं: एडीस्टोनचं ई, रेमिंग्टनचं आर, विंचेस्टरचं डब्ल्यू. तुमच्या एडीस्टोनमध्ये आर लिहिलेला बोल्ट आणि डब्ल्यू लिहिलेला फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारी पट्टी) सापडला तर हिरमुसू नका. फौजी कोठारांत दुरुस्तीच्या वेळी भाग एका ढिगात टाकत आणि हाताला येईल तो बसवत. ती सरमिसळसुद्धा तिच्या सेवेचाच भाग आहे. नळीवर माशीच्या मागे महिना आणि साल ठोकलेलं असतं. तिथे १९१८ च्या आसपासचं साल असेल तर नळी पहिली. जेए किंवा एचएस अशी अक्षरं असतील तर दुसऱ्या महायुद्धात बदललेली. ती नळी बहुतेक वेळा आतून जास्त चांगली असते, म्हणून चालवणाऱ्याने खरं तर खूश व्हावं.

माझं मत विचाराल तर जपायची ती अवस्था, जिच्यात रायफल शेवटच्या वेळी फौजेतून बाहेर पडली. एखाद्या जिद्दी संग्राहकासारखं ई अक्षराचे स्क्रू परदेशातून मागवून तिला १९१८ ची नववधू बनवायच्या भानगडीत पडू नका. तसं केलं तर तिचा मधला इतिहास पुसून तुम्ही एक नवी खोटी वस्तू तयार कराल. शिवाय शस्त्राचे सुटे भाग आयात करणं म्हणजे कागदांचा वेगळाच डोंगर.

पहिली गोळी झाडायच्या आधी परवानाधारक गनस्मिथकडून हेडस्पेस गेज लावून घ्या. .३०-०६ चं 'गो' गेज १.९४० इंचांचं, 'नो-गो' १.९४६ चं. बोल्टचा एक्स्ट्रॅक्टर (काडतूस मागे ओढणारा आकडा) काढून, दोन बोटांच्या जोराने बोल्ट पहिल्यावर बंद व्हायला हवा, दुसऱ्यावर होता कामा नये. नो-गोवर बंद झाला तर १.९५० चं फील्ड गेज लावतात. त्यावरही बंद झाला तर विषय संपला, ती रायफल कपाटातच शोभेल. एडीस्टोनबद्दल जुने कारागीर एक इशारा देतात: कारखान्यात नळ्या फार ताकदीने आवळलेल्या असत, आणि पुढे नळी काढताना रिसीव्हरच्या पुढच्या कड्याला केसासारखे तडे जातात. तुमची नळी कधी बदललेली असेल तर रिसीव्हरवर डाय पेनिट्रंट मारून तडे तपासून घ्या. लाल द्रव लावायचा, पुसायचा, पांढरं डेव्हलपर मारायचं, तडा असेल तर रेघ उमटते. वेल्डिंगवाल्यांकडे हे नेहमी असतं, पण शस्त्र त्यांच्याकडे न्यायचं नसतं, त्यांचा डबा गनस्मिथकडे न्यायचा. आणि मूळ नळी जागच्या जागी असेल तर ती काढायचा विचारही कुणाला करू देऊ नका.

आता लाकूड. इथे जरा थांबू, कारण तुमचा खरा आजार इथे आहे.

बोल्टच्या मागची चीर आपोआप येत नाही. रायफलीचा धक्का लाकडाने एका ठरावीक जागी घ्यायचा असतो: रिसीव्हरखाली पुढच्या बाजूला जो जाड दात असतो, ज्याला रिकॉइल लग म्हणतात, त्याच्या मागच्या खांद्यावर. वर्षानुवर्षं मालकाने प्रेमाने ॲक्शनमध्ये (रिसीव्हर आणि बोल्ट मिळून) तेल ओतलेलं असतं आणि रायफल तोंड वर करून उभी ठेवलेली असते. ते तेल उतरतं कुठे? लाकडात. तेल प्यालेलं अक्रोडाचं लाकूड काळं आणि मऊ पडतं, तो खांदा दबतो, ॲक्शन प्रत्येक धक्क्याला किंचित मागे सरकते आणि रिसीव्हरची मागची शेपटी दस्त्यात पाचरीसारखी घुसते. चीर पडते ती अशी. म्हणून नुसती चीर चिकटवून दिली की महिन्याभरात ती परत उघडते, आणि दोष चिकटवणाऱ्याला मिळतो.

उपाय करतानाही परत येण्या-न येण्याचा तोच हिशेब लावायचा. सरधोपट पद्धत म्हणजे शेपटीच्या मागचं लाकूड थोडं कोरून जागा करून देणं. काम होतं, पण मूळ लाकूड जातं. मी उलट बाजूने जातो. रिकॉइल लगच्या मागे पितळेची पातळ पट्टी बसवून ॲक्शनच पुढे आणायची, म्हणजे शेपटीच्या मागे व्हिजिटिंग कार्डाएवढी फट आपोआप मिळते. उद्या कुणाला नको असेल तर पट्टी काढून टाकता येते, लाकडाला हात लागलेला नसतो. चिरेतलं तेल आधी ओढून काढायला हवं. ॲसिटोनने धुवायचं, मग खडूची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप लावायचा, सुकला की झटकायचा, तेल येईनासं होईपर्यंत पुन्हा पुन्हा. दोनचार दिवस जातात, खिडकी उघडी ठेवावी लागते आणि जवळ देवाजवळचा दिवासुद्धा नको. मगच पातळ इपॉक्सी चिरेत खेचून घ्यायचं. म्युझियमच्या पद्धतीने पाहिलं तर सरस लावायला हवा, कारण तो गरम पाण्याने सुटतो. पण मुंबईच्या पावसाळ्यात सरस स्वतःच मऊ पडतो आणि वरून .३०-०६ चा धक्का. चालवायच्या रायफलीला इथे मी इपॉक्सीच लावतो. ती तडजोड आहे, पण चीर पुढे जाऊन दस्ता दोन तुकडे होण्यापेक्षा बरी.

चीर आरपार असेल तर मूळ दस्ता चालवण्यासाठी वापरू नका. अक्रोडाच्या कोरड्या, जुन्या लाकडातून दुसरा दस्ता कोरून घ्या, शिसवीचाही चालेल पण वजन वाढेल. काम गनस्मिथच्या देखरेखीखालीच व्हायला हवं, कारण ॲक्शन त्याच्याच ताब्यात राहायला हवी. खर्च बऱ्यापैकी येतो, पण रेंजवर नवं लाकूड मार खातं आणि घरी मूळ लाकूड शाबूत राहतं. नळीवरचे पातळ लाकडी हँडगार्ड तर चीर नसली तरी जपून हाताळा. त्यांच्याइतकं नाजूक या रायफलीवर दुसरं काही नाही, आणि बोटांनी उचकटून काढताना ते हमखास फुटतात.

पॉलिशवाल्याला निरोप: नको. या दस्त्यांवर फौजेत अळशीचं तेल असायचं, क्रिकेटच्या बॅटला लावतात तेच. मेलामाइन किंवा पीयूचा थर वर बसला की आतलं लाकूड दिसतं छान, पण ओरखडा पडला की दुरुस्त करता येत नाही, आणि तो थर काढताना लाकूड जातंच. तुम्ही एवढंच करा: ओलसर कपड्याला अगदी थोडा सौम्य साबण लावून मळ काढा, लाल पट्टा आणि लाकडावर ठोकलेले शिक्के वगळून. पूर्ण सुकू द्या. मग अळशीच्या तेलाचे दोन-चार थेंब तळहाताने चोळा, जादा तेल पुसून घ्या, आठवडा जाऊ द्या. वर्षातून एकदा पुरे. तेल लावलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती सुकताना स्वतःच तापून पेट घेऊ शकते. पाण्यात बुडवून मग फेका. आणि खोबरेल तर मुळीच नको. आपल्याकडे सगळ्यावर खोबरेल चालतं असा समज आहे, पण लोखंडावर ते चिकट होऊन बसतं आणि लाकडावर खवट वास सोडतं.

धातूच्या बाबतीत तपकिरी डाग आणि गंज यांत फरक करायला शिका. एकसारखा, घट्ट, बोटाला न लागणारा तपकिरी रंग ही वयाची खूण. ती राहू द्या. नारिंगी, भुरभुरीत, बोटाला लागतो तो जिवंत गंज. तो काढायचा, पण पातळ तेल आणि अगदी बारीक, चार शून्याच्या स्टील वुलने, हलक्या हाताने. बफ आणि नव्या ब्ल्यूइंगला माझा विरोध दोन कारणांनी आहे. एक तर कडा गोल होतात आणि अक्षरं उथळ पडतात, मग रायफल तारखेने जुनी आणि चेहऱ्याने नवी, धड कुठलीच राहत नाही. दुसरं कारण कायद्याचं, आणि ते लोकांच्या लक्षातच येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ प्रमाणे शस्त्रावरचा क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणं, काढणं, बदलणं गुन्हा आहे. बफवाल्याच्या हातून क्रमांक अर्धवट गेला तर नूतनीकरणाच्या वेळी इन्स्पेक्टरसमोर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, बफवाल्याला नाही. तसाही दुरुस्तीचा परवाना नसलेल्या माणसाच्या हाती शस्त्र देणंच बेकायदा आहे.

लाकडाखालचा भाग मात्र जरूर तपासा. मुंबईत नळीचा वरचा भाग लखलखीत आणि दस्त्याच्या खोबणीतला भाग खाल्लेला, अशी जोडी मी अनेकदा पाहिली आहे. गनस्मिथने एकदा ॲक्शन सोडली की गंज साफ करून, तेलाऐवजी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यायला सांगा. म्युझियमवाले हत्यारांवर तेच लावतात. मेण वाहत नाही, म्हणून लाकूडही वाचतं. सोडतानाचा एक निकष सांगतो: कारागीर स्क्रूच्या खाचेत बरोब्बर बसणारा स्क्रूड्रायव्हर निवडतो की हाताला येईल तो घेतो, हे बघा. दुसरा प्रकार दिसला तर नम्रपणे रायफल परत घ्या.

छोट्या भागांत या मॉडेलचा दुबळा दुवा म्हणजे इजेक्टर. त्याची पानासारखी स्प्रिंग त्याच्याच अंगातून कापलेली असते आणि ती आज ना उद्या तुटते. मूळ इजेक्टर आत्ताच, शाबूत असताना काढून ठेवा आणि त्याची नक्कल करून घ्या. नकलेत पानाऐवजी छोटी गुंडाळी स्प्रिंग बसवली तर ती जास्त टिकते. फायरिंग पिनची स्प्रिंगही नवी घाला. जुनी स्प्रिंग दमलेली असली की पिन काडतुसाच्या टोपीवर (बुडाशी असलेला, ठिणगी देणारा भाग) हलकी बसते आणि काडतूस कधी पेटतं, कधी नाही.

माशीचं जरा सविस्तर, कारण रेंजवर पहिल्याच दिवशी तुम्हाला मोह होणार. या रायफलीचं खाली पाडलेलं मागचं साइट, ज्याला बॅटल साइट म्हणतात, ४०० यार्डांवर जुळवलेलं असतं आणि वरची शिडी २०० पासून १६०० यार्डांपर्यंत जाते. म्हणजे ५० किंवा १०० मीटरवर गोळी टार्गेटच्या बरीच वर लागणार. रायफल बिघडलेली नाही, ती तिच्या काळाच्या हिशेबाने बरोबर आहे. अशा वेळी कुणीतरी मागचं साइट घासायला किंवा स्कोपसाठी रिसीव्हरला भोकं पाडायला सुचवतं. रिसीव्हरला भोक पडलं की ते कायमचं. पुढची माशी कारखान्यातूनच वेगवेगळ्या उंचीच्या यायची आणि ती खाचेतून बाजूला सरकवून काढता येते. उंच माशी बनवून बसवा, मूळ माशी ठेवून द्या. माशी उंच झाली की नेम खाली येतो. तेवढंही नको असेल तर काळ्या वर्तुळाच्या खाली नेम धरा, फुकटचा उपाय.

हे काढलेले भाग झिपच्या प्लास्टिक पिशवीत तेलाचं बोट लावून, कुठून कधी काढले याची चिठ्ठी घालून ठेवा. पिशवी रायफलीजवळच, त्याच कुलपात ठेवा, कारण कायद्याच्या नजरेत शस्त्राचा सुटा भागही शस्त्रच. नातेवाइकांना दाखवायला बोल्ट खिशात घालून फिरू नये.

गोळीबद्दल. सौम्य, नेहमीच्या १५० ग्रेनच्या काडतुसांनी भागतं, ही रायफल मुळात तेवढ्याच वजनाच्या गोळीसाठी होती. जास्त वेगाची शिकारी काडतुसं ॲक्शन सोसेल, तुमचा चिरलेला दस्ता सोसणार नाही. घरी काडतुसं भरायचा प्रश्नच येत नाही, परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. आजोबांच्या ट्रंकेत जुनी फौजी काडतुसं असतील तर ती झाडू नका. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या अमेरिकन फौजी .३०-०६ च्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळल्यावर नळीत जो क्षार उरतो तो मिठासारखाच हवेतलं पाणी ओढतो. मुंबईच्या हवेत एका रात्रीत नळी लाल. आणि तेलाने तो क्षार विरघळत नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. तो पाण्यानेच जातो. नळीत खड्डे निघाले तर ते बहुधा अशाच काडतुसांचे आणि त्यानंतर प्रेमाने घातलेल्या तेलाचे.

आधुनिक काडतुसांनंतरही साफसफाई त्याच दिवशी करा, पण मागून. बोल्ट काढला की नळी मागून उघडी असते, तेव्हा तोंडाकडून गज घालायचं काही कारण नाही. एनसीसीत शिकलेले लोक पुल-थ्रू आणि चिंदी घेऊन बसतात. दोरी नळीच्या तोंडाच्या कडेला एकाच बाजूने घासत राहिली की तिथे खाच पडते आणि रायफलीचा नेमच जातो. मी जुन्या रायफलींचं तोंड नळीच्या आतल्या भागाआधी बघतो, ते याचसाठी. प्लास्टिकचं आवरण असलेला अखंड गज, मागे गाइड, आणि घाई नको.

आता ठेवण्याबद्दल. जुलै-ऑगस्टात मुंबई-ठाण्यात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे जाते आणि वर समुद्राचं मीठ. पावसाळ्यात दारं फुगून चौकटीत अडकतात तसा दस्ताही फुगतो, नळीला कुठेतरी दाबतो, आणि डिसेंबरात परत आकसतो. म्हणून पावसाळ्यात जुळवलेली माशी हिवाळ्यात थोडी इकडेतिकडे दिसली तर लगेच हत्यारं काढू नका. लोखंडी कपाट चालेल, पण आत सिलिका जेल हवं आणि ते दर पंधरा-वीस दिवसांनी ओव्हनमध्ये तापवून परत कोरडं करायला हवं. पूर्वी लोक कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवत, त्याच्या उबेने काम व्हायचं. आता एलईडीचा लावतात आणि उजेड पडतो, ऊब काही येत नाही. पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता टिकली की पुरे, शंभर-दोनशे रुपयांचं मीटर मिळतं. रायफल तोंड खाली करून ठेवा, खाली जाड फेल्टचा तुकडा, म्हणजे तेल लाकडात उतरत नाही. चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या म्यानात कधीच नाही. म्यान प्रवासापुरतं, घरी आल्यावर बाहेर. मूळ चामड्याचा पट्टा असेल तर तो वेगळा ठेवा, रेंजवर नवा वापरा. आणि नळीच्या तोंडात बोळा कोंबायची जुनी खोड असेल तर सोडा. आत ओल कोंडते, आणि बोळा विसरून गोळी झाडली तर नळी फुटते.

एक प्रसंग मात्र तुमच्या हातात नसतो. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करण्याचा आदेश आला तर रायफल काही आठवडे पोलीस ठाण्याच्या किंवा दुकानाच्या खोलीत जाते. तिथे सिलिका जेल बदलायला कुणाला वेळ नसतो. जमा करण्याच्या आदल्या दिवशी नळीत दाट तेलाचा हात, धातूवर मेण, वरून मेणकागद गुंडाळा, प्लास्टिक नको. सगळ्या बाजूंनी, शिक्क्यांसकट फोटो काढा आणि पावतीवर क्रमांकाबरोबर 'चामडी पट्ट्याविना' किंवा 'चामडी पट्ट्यासह' अशी नोंद करून घ्या. ठाण्यातली मंडळी अशा वेळी सहसा सहकार्य करतात, फक्त गर्दीच्या दिवशी जाऊ नका. परत मिळाली की घरी येऊन लगेच उघडा, दुसऱ्या दिवशी नाही.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवतो: आधी परवाना आणि शिक्के ताडणं, मग गेज आणि तडे, मग दस्ता, मग इजेक्टर-स्प्रिंग-माशी, आणि रेंज सर्वांत शेवटी. लागोपाठ जमलं तर पावसाळ्याआधी पूर्ण होईल. दस्त्याबद्दल पक्कं सांगण्यासाठी मला तीन गोष्टी हव्यात: ॲक्शन सोडल्यावर चीर आतून किती लांब दिसते, रिकॉइल लगच्या खांद्यावरचं लाकूड नखाने दबतं का, आणि नळीवर माशीच्या मागे कुठली अक्षरं आहेत. क्रमांक झाकून फोटो काढा आणि कळवा.